चौल की जुन्नर?

कुंभिवलीत, सावरोली-खारपाडा रस्त्यापासून जवळच्या एका घराच्या ओटीवर तुम्ही बसला आहात. जोडून आलेली तीन दिवसांची सुट्टी आहे आणि घरात दोन तट पडले आहेत. आजीचं म्हणणं, "महड झालं, पाली झाली. लेण्याद्री नि ओझर तेवढं राहिलंय. गुडघे चालतायत तोवर नेऊन आणा मला." नातीचं म्हणणं, "अगं आजी, जुन्नरला समुद्र कुठंय? चौलला जाऊ ना, तिकडे पण देवळं आहेत की!" पूर्वेला खोपोलीवरून घाट चढलात की पुढे जुन्नर. पश्चिमेला खारपाडा, पेण, वडखळ करत गेलात की चौल. खालापूरचा माणूस या दोन जुन्या शहरांच्या मधल्या पट्ट्यात राहतो, म्हणून त्याच्यासमोर हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

आजचं जुन्नर आणि आजचं चौल शेजारी ठेवलंत तर जुन्नर सहज जिंकेल. तिथे शिवनेरी आहे, लेणी आहेत, भरलेला बाजार आहे. चौलला जाऊन 'जुनं शहर कुठे आहे?' असं विचारलंत, तर समोरचा माणूस नारळी-पोफळीच्या वाडीकडे हात करेल. म्हणून गाडी काढण्याआधी दोन्ही शहरं त्यांच्या भरात असताना पाहून या. मग ठरवा.

तर चला. साल १४६९, मृग तोंडावर आलाय. तुम्ही कुंडलिकेच्या मुखाशी चौलच्या बंदरात उभे आहात. रेवदंड्याचा कोट अजून नाही, पोर्तुगीज यायला चाळीसएक वर्षं आहेत. राज्य बहामनींचं, राजधानी लांब बीदरला. किनाऱ्याला लागलेल्या एका गलबतातून घोडे उतरवताहेत. सहा आठवडे समुद्रावर डुलत आलेलं जनावर फळीवर पाय ठेवायला तयार नसतं. एक जण लगाम ओढतो, दोघं मागून रेटतात, आणि पाय एकदाचे वाळूला लागले की घोडा तिथेच थरथरत उभा राहतो. त्या गर्दीत लाल दाढीचा एक परदेशी आपल्या एकुलत्या एका घोड्याला थोपटतोय, असं समजा. दाढीचा रंग माझा. माणूस आणि घोडा मात्र खरे. हा अफनासी निकितीन, रशियातल्या व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा व्यापारी. होर्मुझहून तो हा घोडा घेऊन आलाय आणि त्यात त्याचे शंभर रुबल अडकले आहेत. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ साली. त्याच्या जवळपास तीस वर्षं आधी हा माणूस आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्याने जे पाहिलं ते लिहून ठेवलं.

त्याच्या मागोमाग चौलच्या बाजारातून चाला. त्याला नवल वाटतं ते उघड्या डोक्यांचं, उघड्या छात्यांचं आणि एका वेणीत बांधलेल्या केसांचं. लोकांना नवल वाटतं ते त्याच्या गोऱ्या कातडीचं. तो जाईल तिथे माणसांचा घोळका मागे. घोड्यांच्या पागेपाशी थांबा. मोठ्या भांड्यात खिचडी शिजतेय, तिच्यात साखर आणि तेल घालताहेत, आणि ती माणसांसाठी नाही. निकितीनने नोंद केली आहे की इथे घोड्यांना हरभरे घालतात आणि अशी खिचडी शिजवून देतात. दख्खनच्या हवेत अरबी घोड्याची पैदास नीट होत नाही, आणि घोडदळाशिवाय सुलतानाचं पान हलत नाही. म्हणून प्रत्येक घोडा समुद्रावरून यायचा आणि या बंदरात त्याची अशी बडदास्त राहायची. चौलचं वैभव म्हणजे काय, हे त्या खिचडीच्या भांड्यात दिसतं.

पण घोडा इथे विकायचा नाही. भाव वर आहे, घाटावर. निकितीन पायी निघतो आणि तुम्हीही त्याच्याबरोबर निघता. चौल ते पाली आठ दिवस. अभ्यासक ही पाली सुधागडातलीच मानतात, बल्लाळेश्वराची, तुमच्या घरापासून आज गाडीने तासाभराची. पाऊस धरलाय. राब भाजलेल्या दाढीत भाताचा तरवा वर आलाय, वाट कुठे संपते आणि शेत कुठे सुरू होतं ते कळत नाही. घोडा पोटऱ्यांपर्यंत चिखलात. निकितीन लिहितो की चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल असतो, आणि त्याच दिवसांत हे लोक नांगरतात, पेरतात. त्याच्या देशात बर्फ पडलं की शेत झोपतं. इथे आभाळ फाटल्यावर माणूस शेतात उतरतो, याचं त्याला आश्चर्य वाटलं असणार. तुम्हाला काही वाटणार नाही. खालापुरात तुम्ही दर आषाढात तेच पाहता.

पालीहून उमरी दहा दिवस, उमरीहून जुन्नर सहा. म्हणजे किनाऱ्यापासून सगळे मिळून चोवीस दिवस. घाटातल्या झाडीत वाट एका माणसापुरती होते तेव्हा कळतं की बंदर आणि बाजारपेठ यांच्यामधला हा पट्टाच खरा मालक होता. या रानाला विचारल्याशिवाय कुणी वर जाऊ शकत नव्हतं आणि खाली उतरूही शकत नव्हतं. पुढे फेब्रुवारी १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज घाटावरून कोकणात उतरताना तुमच्याच तालुक्यातल्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी अडवली, ती याच भूगोलाच्या जोरावर. पुस्तकात बंदरांची नावं येतात, राजधान्यांची येतात. मधल्या गावांची येत नाहीत. पण घोड्याला पाणी पाजणारी, चिखलातून त्याला वर काढणारी, रात्री आसरा देणारी गावं हीच होती, आणि मला वाटतं चौल-जुन्नरचा इतिहास इथूनच वाचायला हवा.

जुन्नर. पाऊस ओतायचा थांबत नाही. ढग जरा वर उचलले की शिवनेरीचा कडा दिसतो. निकितीन म्हणतो, हे शहर खडकाच्या बेटावर आहे, माणसाने न बांधलेलं, देवानेच घडवलेलं. वर जायची वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस चढेल, आणि चढायला दिवस जातो. तुम्ही पाहुण्यांच्या मुक्कामाच्या जागी उतरता, तिथल्या बायका तुम्हाला रांधून वाढतात. इथला सुभेदार असदखान. त्याच्याकडे हत्ती आहेत, चांगले घोडे आहेत, तरी तो माणसांच्या खांद्यावरून फिरतो. दोन महिने निकितीन इथे अडकून पडतो.

आणि मग तो प्रसंग. खानाला कळतं की हा परदेशी मुसलमान नाही. तो घोडा काढून घेतो आणि सांगतो: इस्लाम स्वीकार, घोडा परत देईन, वर हजार मोहरा देईन, नाही तर घोडाही ठेवीन आणि वर तुझ्याकडूनच हजार मोहरा घेईन. मुदत चार दिवस. ओल्या भिंतीला टेकून बसलेला तो माणूस डोळ्यांसमोर आणा. घरापासून हजारो कोस लांब, भाषा तोडकीमोडकी, सगळं भांडवल दुसऱ्याच्या पागेत, बाहेर पावसाची झड. धर्म सोडायचा की सर्वस्व? पण खुरासाणचा महंमद नावाचा एक वजनदार माणूस जुन्नरला येतो, निकितीन त्याच्या पाया पडतो, तो खानाकडे शब्द टाकतो, आणि घोडा परत मिळतो, धर्म न बदलता. एका मुसलमानाने घेतलेला घोडा दुसऱ्या मुसलमानाने परत मिळवून दिला. ऑगस्टच्या मध्यावर निकितीन घोड्यासह बीदरच्या वाटेला लागतो. परतीच्या प्रवासात, घरी पोहोचण्याआधीच तो वारला; त्याची वही तेवढी पोहोचली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच्यावर १९५७ साली सोव्हिएत चित्रपटकारांबरोबर 'परदेसी' काढला, नर्गिस होती त्यात.

जुन्नरमध्येच थांबा, फक्त आणखी तेरा-चौदा शतकं मागे सरका. पाऊस गेलाय, हिवाळ्याचं कोरडं ऊन आहे, आणि डोंगराच्या पोटातून छिन्नीचा आवाज येतोय. एकाच डोंगरातून नाही. शिवनेरी, तुळजा, मानमोडी, लेण्याद्री, जिकडे वळाल तिकडून. जुन्नरच्या आसपास मिळून दोनशेच्या घरात लेणी कोरली गेली. एका गावाभोवती इतकी लेणी महाराष्ट्रात दुसरीकडे नाहीत. एका पोढीपाशी गुडघे टेकून बसा. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. तोंड लहान, चौकोनी. आत हात घातलात तर पोकळी बाजूला पसरत गेलेली, म्हणजे ऊन कमी लागावं आणि पाणी टिकावं. वरच्या कातळावर बोटभर रुंदीचा पन्हळ तिरका खोदलाय, पावसाचं पाणी नेमकं आत यावं म्हणून. शेजारी ब्राह्मी अक्षरांत दात्याचं नाव. असं एक नाव आहे इरिल नावाच्या यवनाचं, दोन पोढ्या दान दिलेल्या. चिट नावाच्या यवनाने भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला. चंद नावाच्याने आणखी काही. यवन, म्हणजे पश्चिमेकडून आलेली माणसं, घाटमाथ्यावरच्या गावात येऊन पाण्याची टाकी दान करत होती.

त्यांचा पैसा कुठून आला? नाणेघाटाच्या तोंडाशी जा, म्हणजे उत्तर मिळेल. गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे: यज्ञ, गाई, हत्ती, घोडे, कार्षापणांची दानं, आणि ते मोजणारे आकडे. बाहेर वाटेवर दगडी रांजण. परंपरा सांगते की जकात त्यात पडायची. खाली कोकण पसरलंय, कल्याणची खाडी, सोपारा, आणि दक्षिणेला चौल. टॉलेमीने त्याला सिमुल्ला म्हटलं, कान्हेरीच्या लेखांत ते चेमुल आहे. जुन्नरच्या लेण्यांवरची श्रीमंती घाटाखालून, खारट वाऱ्यातून वर आलेली आहे. हे एकदा पाहिलंत की 'चौल की जुन्नर' हा प्रश्न निराळा दिसायला लागतो. एकाने कमावलं, दुसऱ्याने ते दगडात कोरून ठेवलं.

जुन्नरच्या पुढच्या गोष्टी तुम्हाला ठाऊकच आहेत. १४९० मध्ये मलिक अहमदने इथूनच निजामशाही उभी केली, १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, १६५७ मध्ये त्याच महाराजांनी जुन्नरची मोगली पेठ लुटली. इथला जुन्नरी कागद पेशवाईच्या दप्तरांत भरलेला आहे. हे सगळं नीट लिहून ठेवलंय, शाळेत शिकवलं जातं, आणि त्याची राखण करणारे लोक आहेत.

चौलचं तसं नाही. म्हणून परत खाली उतरा.

साल ९१६. बगदादचा अल-मसुदी चौलला आलाय. तो या गावाला सैमूर म्हणतो. राजा शिलाहार झंझ. ओमान, सिराफ, बसरा, बगदादकडची माणसं इथे राहतात, इथल्याच बायकांशी लग्नं करून इथलीच झाली आहेत. मसुदी त्यांचा आकडा दहा हजारांच्या घरात सांगतो, आणि त्यांच्या आपसातल्या तंट्यांसाठी राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलाय. हजार-अकराशे वर्षांपूर्वी, अलिबाग तालुक्यात.

१५०८: खाडीच्या तोंडाशी इजिप्तचं आणि गुजरातचं आरमार मिळून पोर्तुगीजांना गाठतं, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सू द अल्मेडा या पाण्यात मरतो. १५२१: पोर्तुगीज खाली, रेवदंड्याला, गढी बांधायला घेतात. आता चौल दोन आहेत, वरचं निजामशाहीचं आणि खालचं पोर्तुगीजांचं. १५७०-७१ चा हिवाळा: मूर्तजा निजामशाहाची फौज खालच्या चौलला वेढा घालते. तेव्हा आजचा पुरता तट नाही. पोर्तुगीजांनी मठ, चर्च आणि घरांमध्येच मोर्चे लावलेत. एका घराची भिंत पडली की मागच्या घरात सरकायचं. कित्येक महिने हे चालतं आणि शेवटी तह होतो. दहा-बारा वर्षांनी, डच प्रवासी लिन्शोटेनच्या काळात, चीनहून आलेल्या कच्च्या रेशमाचं कापड इथले विणकर विणताहेत. मागांची खटखट ऐका, फार काळ ऐकू येणार नाही. सतराव्या शतकात इंग्रजांनी मुंबई वसवायला घेतली तेव्हा चौलचे विणकर तिकडे गेले. १७४० मध्ये रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले, पण तोवर व्यापार उत्तरेला सरकला होता. मुंबई मोठी झाली तिच्यात चौलची माणसं आणि चौलचे हात आहेत. आपण ते विसरलो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता आजच्या दिवसात या. वरच्या चौलला पोफळींच्या रांगांत वाट काढत गेलात की हमामखान्याची पडकी इमारत दिसते. राजकोटाचे थोडे अवशेष. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी इथे खणलं तेव्हा सातवाहन काळापर्यंतचे पुरावे हाती आले. रेवदंड्यात गाव कोटाच्या आतच नांदतंय, डांबरी रस्ता तटातून आत शिरतो. समुद्राच्या बाजूला तटावर चढा. वडाच्या मुळ्या चिऱ्यांच्या सांध्यांत शिरल्यात. एका जागी मूळ मनगटाएवढं जाड झालंय आणि त्याने वरचा दगड वीतभर पुढे ढकललाय. खालचा दगड कधीच पडलाय, वाळूत अर्धा बुडालाय. सातखणी मनोऱ्याचे नावापुरतेच सात खण उरले आहेत.

माझं मत इथेच ठरतं. या सुट्टीत चौल करा. शिवनेरीचा कडा आणि लेण्याद्रीचा कातळ तुमच्या नातीच्या नातवंडांसाठीही उभा असेल. चौलच्या भिंतीची मला तशी खात्री वाटत नाही. शिवाय जे बघायला डोळ्यांपेक्षा मन जास्त लागतं, ते लहान पोराला आधी दाखवावं. जुन्नर स्वतःच सगळं सांगतं, चौलला कुणीतरी बोट धरून सांगावं लागतं.

आजीची समजूत काढायला फार त्रास पडणार नाही. लेण्याद्रीला पायऱ्याच पायऱ्या आहेत; चौलचं रामेश्वर सपाटीवर आहे, समोर मोठी पुष्करणी, आत सभामंडपात पर्जन्य, वायू आणि अग्नी अशी तीन कुंडं फरसबंदीखाली झाकलेली. पाऊस पडला नाही तर पर्जन्यकुंड उघडायची इथली रीत. दत्ताची टेकडी मात्र चढाची आहे, ती तुम्ही आणि मुलगी करा. गणपतीच हवा असेल तर पूल ओलांडून साळावला बिर्लांनी बांधलेलं विनायकाचं मंदिर आहे. जवळच कोर्लई, तिथे म्हाताऱ्या माणसांशी दोन शब्द बोला. पोर्तुगीज आणि मराठी एकत्र येऊन झालेली त्यांची भाषा आजही घरात चालते. ते तुमच्याशी अर्थात मराठीतच बोलतील, पण आपसात बोलताना कान द्या. रेवदंड्यात निकितीनचं स्मारकही आहे, तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सुट्टी थंडीतली असेल तर उत्तमच. मार्गशीर्षात दत्तजयंतीची जत्रा भरते, गर्दी चालत असेल तर तेव्हाच जा. पौषात वालाच्या शेंगा भरतात आणि वाड्यांतून पोपटी लागते: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ-ओवा, तोंडाला पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. कुंभिवलीत तुम्ही हे करताच, पण खाडीवरचा वारा लागत असताना त्याची चव वेगळी लागते.

जाताना खारपाडा-पेणवरून जा. येताना मात्र दुसरी वाट धरा: साळाव, रोहा, वाकण, पाली, खोपोली. निकितीनला आठ दिवस लागलेला टप्पा तुम्ही दोन-अडीच तासांत कापाल. पालीला चहाला उतरलात की देवळामागे सरसगड आणि त्याच्याही मागे घाटमाथ्याची रेघ दिसते. तिथून जुन्नर त्याला अजून सोळा दिवस होतं. तुमचं जुन्नर पाऊस उघडल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीला ठेवा. कर्जतवरून मुरबाडला जा, माळशेजच्या अलीकडे वैशाखऱ्याला गाडी लावा, आणि निदान एकदा तरी नाणेघाट खालून चढून जुन्नरात शिरा.